अकराव्या मजल्यावरचे शॉकअप

राजापेठेतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात वृंदाताई थेंब घालून डोळे मिटून बसल्या होत्या. मागच्या बाकावर परतवाड्याच्या गोदाबाई शेजारणीला जपानची गोष्ट सांगत होत्या.

“पोरीच्या बाळंतपणाले गेल्ती मी. अकराव्या मजल्यावर घर. लेकराले तेल लावून राहिली होती, अन् भूकंप आला.”

“अवं माय! मंग?”

“मंग काय, झुल्यावानी झुलली बिल्डिंग. म्या लेकरू पोटाशी धरलं. म्हटलं, गेलो आता सारे.”

“पडली नाई?”

“कपातला चाहा सांडला, बस. जवाई म्हणे, मोटरसायकलले शॉकअप राह्यते ना, तसे मोठाले डँपर बसवेल हायेत बिल्डिंगीत. धरणीचा धक्का तेच झेलतात.”

“कोनं बसवले?”

“कोन जाणे बापा. पन रोज दिवा लावतानी त्याहिच्या नावानं हात जोडते मी.”

वृंदाताई तशाच मिटल्या डोळ्यांनी मागे वळल्या. “बाई, खरंच फक्त चहाच सांडला?”

“तोही अर्धाच. कावून वो ताई, तुमचं हाये का कोनी तिकडं?”

“मुलगा आणि सून. सुनेला सातवा महिना आहे. त्यांच्या इमारतीतही डँपर आहेत म्हणतो, पण मला धीर होत नव्हता. दोनदा बोलावलं, दोनदा नाही म्हटलं.”

“जा न वो माय. लेकराले आजी पाह्यजे.”

वृंदाताईंनी चाचपडत पर्समधला फोन काढला आणि गोदाबाईंच्या हातात दिला.

“मला अक्षरं दिसत नाहीयेत. पुष्कर नावाला लावा, आणि तुम्हीच सांगा त्याला, आई येतेय म्हणून.”