बाकोपा नव्हे

ताई : त्या झाडाचं नाव सांग. बाकीचं सगळं नंतर.

भाऊ : मघाशीच सांगितलं ना ताई. बाकोपा. पांढरी बाकोपा. टांगत्या कुंड्यांत लावतात ती. सगळं जग लावतं.

ताई : तेच मी डॉक्टरबाईंना सांगितलं. त्यांनी फोनवर तिचा फोटो शोधला, माहिती वाचली आणि मान हलवली. म्हणाल्या, हिच्यामुळे डोळा असा होत नाही. आईच्या डोळ्यात कसला तरी चीक गेलाय, बुबुळ वरून सोलल्यासारखं झालंय. झाड कुठलं होतं ते नर्सरीतून नीट विचारून घ्या. म्हणून मी दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून तुला विचारतेय.

भाऊ : दुसऱ्या कशाचा तरी चीक असेल. नर्सरी आहे ही. इथे काय एकच झाड आहे का?

ताई : आई सकाळपासून फक्त त्या पांढऱ्या फुलांच्या कुंड्यांपाशी होती. शेंडे खुडत होती, अंगठ्याच्या नखानं, नेहमीसारखे. मग थेंबांची वेळ झाली. त्याच अंगठ्यानं खालची पापणी ओढली आणि काचबिंदूचे थेंब घातले. तिनंच सांगितलं हे.

भाऊ : मग हात धुवायला नकोत का? मी कुठे कुठे बघू?

ताई : बाकोपाचे शेंडे खुडून तिनं आजवर कधी हात धुतलेत? येईल त्या गिऱ्हाइकाला तूच सांगतोस ना, घरात लहान मूल असो, मांजर असो, बेधडक लावा, बाकोपा म्हणजे गरीब गाय. तुझ्या शब्दावर विसंबली ती. चिकाचं झाड आहे म्हणाला असतास, तर फडकं गुंडाळल्याशिवाय तिनं बोट लावलं नसतं.

भाऊ : मी काय मुद्दाम केलं का? डोळा लाल दिसला तसा ओला रुमाल दिला तिला. म्हटलं, पड जरा आत जाऊन.

ताई : रुमाल दिलास. डोळा नळाखाली नाही धरलास. दुपारी मी डबा घेऊन आले तर ती आत भिंतीकडे तोंड करून बसलेली, आणि तू बाहेर कुणाला तरी खत विकत होतास.

भाऊ : ती काही बोललीच नाही.

ताई : ती कधी बोलते? एक डोळा गेला तेव्हा तरी बोलली होती का? उरलेल्या एका डोळ्यावर चाललंय तिचं सगळं. आज गेलंय ते त्याच डोळ्यात. कळतंय ना तुला?

भाऊ : कळतंय ताई.

ताई : मग ऊठ आणि त्या कुंडीपाशी जा.

भाऊ : इथे गिऱ्हाईक उभं आहे, जरा एक...

ताई : त्याला जा म्हणावं, आणि शटर ओढ.

भाऊ : ओढलं. बोल.

ताई : बाकोपाचं पान कसं असतं?

भाऊ : लहान. गोलसर. कडेला करवतीसारखे बारीक दाते.

ताई : आणि तुझ्यासमोर आहे त्याचं?

भाऊ : जरा लांबट आहे.

ताई : कड बघ.

भाऊ : कड साधी आहे. पण ताई, हल्ली इतके नवे वाण येतात की पानावरून...

ताई : हे गिऱ्हाइकाला सांग. मला फांदीचं सांग.

भाऊ : बारीक आहे. तारेसारखी. बाकोपा कशी, मऊ असते, कुंडीच्या काठावरून खाली लोंबते. हे आधी वर उठतं आणि मग चारी बाजूंना पसरतं. लांबून धुकं उतरल्यासारखं दिसतं. म्हणून तर लोकांना आवडलं.

ताई : लोकांना काय आवडलं ते विचारत नाहीये मी. फूल बघ. चष्मा लावून.

भाऊ : लावलाय. बाकोपाला पाच पाकळ्या असतात, मधे पिवळा ठिपका. याला... थांब, या पाकळ्या नाहीत. हे फुलाखालचे पानासारखे भाग आहेत, पांढरे रंगलेले. खरं फूल मधे आहे, टाचणीच्या डोक्याएवढं, हिरवट.

ताई : आता फांदी मोड.

(पलीकडे कुंडी सरकवल्याचा आवाज येतो.)

ताई : मोडलीस का?

भाऊ : चीक आहे.

ताई : कसला?

भाऊ : दुधासारखा. टपकतोय. ताई, युफोर्बिया आहे हे. लाल पानांचं पॉइन्सेटिया असतं ना कुंडीत, त्याच्या कुळातलं. पांढरं युफोर्बिया.

ताई : नक्की? की हेही असंच, तोंडाला आलं म्हणून?

भाऊ : नक्की.

ताई : हात साबणानं धू. फोटो पाठव, पानाचा, फुलाचा आणि मोडलेल्या फांदीचा. मी आत सांगून येते. फोन ठेवू नकोस.

भाऊ : ताई? आलीस? काय म्हणाल्या?

ताई : म्हणाल्या, कळलं ते बरं झालं. आता पुन्हा धुतील, मलम घालतील आणि पट्टी बांधतील.

भाऊ : दिसेल ना तिला?

ताई : मीही हेच विचारलं. म्हणाल्या, उद्या पट्टी काढल्यावर बघू. आता तू मला एक सांग. हातात घेतलंस आणि ओळखलंस. मग माल उतरवला तेव्हा तुझे हात कुठे होते?

भाऊ : बाकोपा मागवली होती गं. रोपं पुरवणाऱ्यानं भलतंच पाठवलं आणि गाडी निघूनही गेली. हॉटेलवाल्याला संध्याकाळच्या आत गॅलरीत कुंड्या टांगून हव्या होत्या. त्याला पांढरं हवं होतं. मी पांढरं दिलं.

ताई : बाकोपा म्हणून दिलंस.

भाऊ : टांगलेल्या कुंडीकडे माणूस खालून बघतो. पानाचे दाते कोण मोजतंय? आणि झाडं विकायला बसलेल्या माणसानं 'नाव ठाऊक नाही' म्हटलं तर त्याच्याकडे पुन्हा कोण येणार? झाकली मूठ सव्वा लाखाची.

ताई : म्हणजे ही बाकोपा नाही, हे तुला पहिल्यापासून माहीत होतं.

भाऊ : काय नाही ते माहीत होतं. काय आहे ते नव्हतं.

ताई : वा. मी औषधाच्या दुकानात उभी असते दिवसभर. उद्या खोकल्याच्या बाटलीवर दुसरंच नाव डकवून दिलं आणि म्हटलं, काय बिघडलं, आतलं औषध लालच आहे की, तर तू माझी आरती ओवाळशील का?

भाऊ : झाडाची गोष्ट वेगळी असते ताई.

ताई : आत पडलीय ना, तिला जाऊन सांग वेगळी असते म्हणून. आणि काय रे, आईला कसं कळलं नाही? तिचा जन्म गेला बाकोपा खुडण्यात. ती डोळे मिटूनसुद्धा सांगेल.

भाऊ : जाऊ दे ना आता.

ताई : जाऊ दे काय? सांग.

भाऊ : आली होती विचारायला. पहिल्याच दिवशी. म्हणाली, अरे, ही बाकोपा नव्हे, हिचं पान वेगळं आहे.

ताई : मग?

भाऊ : तो हॉटेलचा माणूस समोरच उभा होता गं.

ताई : तू काय म्हणालास तिला?

भाऊ : म्हणालो, आई, तुला आता नीट दिसत नाही. तू आपली मुकाट्यानं शेंडे खुड.

ताई : परक्या माणसासमोर.

भाऊ : तो हसला. मग मीही हसलो.

ताई : जीभ झडली कशी नाही तुझी. त्या दिवसापासून ती माझ्यामागे लागलीय, डोळे पुन्हा तपासून घेऊ या, मला झाडं वेगळीच दिसायला लागलीत. मला वाटलं, काचबिंदू वाढला. धाबं दणाणलं माझं. आणि तिच्या डोळ्याला काही म्हणजे काही झालं नव्हतं. तिनं स्वतःच्या डोळ्यावर संशय घेतला, पण तुझ्यावर घेतला नाही. आणि ज्या डोळ्याला बरोबर दिसत होतं, तोच तू घालवायला निघालास.

भाऊ : मी येतो तिकडे. आत्ता निघतो.

ताई : पाऊल टाकू नकोस इथे. मला तुझं तोंड बघायचं नाही. थांब... नर्स आईला धरून बाहेर घेऊन आली. हळू गं, पायरी आहे. फोन मागतेय तुझा. घे, बोल त्याच्याशी, मला आता बोलवत नाही.

भाऊ : आई?

आई : त्या कुंड्या कुठे कुठे गेल्यात?

भाऊ : ते राहू दे आई. दुखतंय का फार?

आई : दुखतंय. कुठे कुठे गेल्यात?

भाऊ : हॉटेलात. दातांच्या डॉक्टरांकडे. आपल्या मागच्या गल्लीत काही घरी. आणि बालवाडीत.

आई : बालवाडीत किती उंच टांगल्यात?

भाऊ : खिडकीच्या गजांना. मुलांना पाणी घालता यावं म्हणून बाईंनीच सांगितलं होतं. मी म्हटलं, खुशाल घालू द्या.

आई : मग इकडे काय येतोस? आधी तिथे जा. हातमोजे घालून कुंड्या उतरव. मुलांचे हात धुवून घ्यायला सांग. मग एकेक दार. दारात उभं राहून सांगायचं, मी तुम्हाला खोटं नाव सांगितलं. रोपं पुरवणाऱ्यावर ढकलायचं नाही.

भाऊ : सांगतो. पण लोक दुकानाला नावं ठेवतील, आई.

आई : ठेवू देत.

भाऊ : आणि ती रोपं? सगळी उपटून टाकू?

आई : झाडानं काय केलंय? मागच्या बाजूला वेगळी ठेव. खरं नाव लाव आणि हात लावू नका म्हणून लिही. ज्याला कळून न्यायचं असेल तो नेईल.

भाऊ : बरं.

आई : ताईला उलटं बोलू नकोस.

भाऊ : नाही बोलत. आई, चुकलं माझं. त्या माणसापुढे मी तसं...

आई : दुपारची बालवाडी सुटायच्या आत पोच.

भाऊ : निघालोच. आई, तुला आत्ता काही दिसतंय का? थोडं तरी?

आई : आत्ता पट्टी आहे. त्या दिवशी दिसत होतं मला.