मारत न्हाई, थोपटतोय!

आन् वर लोक मलाच इचारत्यात, 'मच्छिंद्रा, पोरीनं असं केलं तरी काय?' आता काय सांगू, कपाळ! अवो, मारत न्हाई, थोपटतोय! पन ऐकतंय कोन? दिसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची, सांजच्याला बेलापुरात घरी यायचं, घोटभर च्या प्यायचा, का लगेच लेक बाजेवर पालथी! बाजेच्या पायथ्याखाली विटा, पोरीचं डोकं खाली, पाय वर, आन् मी पाठीवर ठप ठप, ठप ठप... रस्त्यानं जानाऱ्याला काय वाटनार? खडीवरचा उरलेला राग बाप लेकीवर काढतोय!

तुमाला सांगतो, मला हौस न्हाई. आमची लंका आठ वर्सांची, जल्मल्यापासून छातीत कफ साठतो. दम घेताना अशी घरघर, जसं जात्यावर दळान पडलंय! नगरच्या डाक्टरनं दाखवलं, हाताची अशी वाटी करायची, सपाट न्हाई हां, वाटी, आन् थोपटायचं. कफ सुटतो, खोकून पडतो. म्हनलं, 'किती दिवस, सायेब?' म्हनला, 'रोज.' 'रोज खरं, पन किती दिवस?' तर चष्मा पुसत बसला! 'पोर मोठी हुईल न्हवं?' तर म्हनला, 'वाटी नीट करा.'

आमच्या मंडळींनी थोपटावं, तर रतनबाईचा हात पडला भाकरीचा! लंका वरडती, 'आई, मी भाकर न्हाई!' मंग राहिलं कोन?

त्यात शेजारची छबूबाई! देवळालीच्या बाजारात माझ्या सासूला गाठून म्हनली, 'कडूबाई, तुमचा जावाय लेकरू बडवतोय वो, उलटं टांगून!' उलटं टांगून!! अवो, मारत न्हाई, थोपटतोय... दुसऱ्या दिवशी सासूबाई यष्टीनं हजर. माझा एक शब्द ऐकला न्हाई, पोर उचलली आन् देवळालीला नेली.

म्हनलं, सुटलो! हात मोकळे! सांजच्याला च्या प्यालो, बसलो... आन् हातांना काही सुचंना. तुमाला सांगतो, थोपटताना लंका बोलायची. आवाज असा हालायचा, 'आ-आ-बा, शा-ळेत ना-आ...' कुनाचा बैल पळाला, मास्तरीन का रुसली, देवाला झोप येती का... समदं! आमच्या कामावरच्या भिमाजीला चार पोरं, कोन कितवीत हाय त्याला ठावं न्हाई. मी तरी माझ्या बापासंगं उभ्या जल्मात एवढं कुठं बोललो? आन् मला लेकीच्या मनातलं समदं ठावं. हे डाक्टरनं सांगितलंच नव्हतं!

चार दिसांत सांगावा आला, लंकाला धाप लागलीय. कसा पोचलो, इचारू नका. पोरीचे ओठ निळे, शब्द फुटंना, आन् सासूबाई अंगारा लावत बसलेल्या. बाजेखाली पाटा सारला, उखळ सारलं, जे घावलं ते सारलं, पोर पालथी केली आन् ठप ठप, ठप ठप... सासूबाई वरडल्या, 'अवो, नका मारू लेकराला!' माझा हात चालूच. तवा खालून, उशीतून, तुटत तुटत लंका म्हनली, 'आज्जे... मारत... न्हाई... थोप-टत्यात!' आन् खोकली, खोकली... कफ पडला. मंग असा लांब दम घेतला पोरीनं... माझ्या हाताखाली पाठ फुगली, बसली, परत फुगली. खोटं कशाला सांगू, मी भिंतीकडं तोंड करून रडलो.

सासूबाई पदरानं नाक पुसत म्हनल्या, 'जावायबापू, ती वाटी कशी करत्यात?'

मंग पोर घरी आनली. आता परवाचंच ऐका. थोपटता थोपटता आमच्या लंकाबाई इचारत्यात, 'आ-बा, मी नांदा-यला गेल्यावर कोन थोप-टनार?' माझा हातच थांबला. डाक्टर जिथं चष्मा पुसतो, तिथं ही लगीन लावून मोकळी! म्हनलं, 'नवऱ्याला शिकवू की.'

'नको. त्याचा हात लागंल. तुमीच या.'

आता बोला! लोक घरजावाय ठेवत्यात... मला म्हातारपनी घरसासरा व्हायचंय! येतो म्हनून बसलोय.