काचेच्या खोलीत दोन व्याही

...आणि वर सगळे मलाच विचारतात, ‘तुम्हाला कळायला नको होतं?’ आता मला काय कळणार, सांगा! तुम्हाला सांगतो, मी भट्टीसारख्या गावात वाढलेला माणूस. आणि हे लेकीचं सासर म्हणजे डोंगरावरचं थंडगार गाव. तिथे म्हणे उष्णतेची लाट आली! लेक दवाखान्यात नर्स, कामाला निघताना तिने बजावलं की मामंजींना सांभाळा, त्यांना पाणी पाजत राहा. मी म्हटलं, अगं, हे काय ऊन आहे? एवढ्या उन्हात आमच्याकडे गोधडीसुद्धा वाळत नाही!

आता आमचे व्याही. लेकीचं लग्न झाल्यापासून माझ्याशी मोजून चार शब्द बोलले असतील, तेही जेवायला बसताना. आमच्या गावी काय, सकाळीच खिडक्या लावायच्या, पडदे ओले करायचे, दुपारी गाव चिडीचूप. इथे उलटा कारभार! घरंच ऊन धरून ठेवायला बांधलेली... पुढे काचेची खोली, खाली जाड गालिचा, पंख्याचा पत्ता नाही. ऊन पडलं की पाहुणा आल्यासारखे लोक खुर्च्या टाकून बसतात. व्याही बसले, अंगात लोकरीची बंडी. मीही बसलो. पाणी? पाण्याचं कुणाला सुचतंय! हे काय ऊन आहे?

आणि मग काय सांगू... असं गोड गोड वाटायला लागलं... गालिच्यावरची फुलं हळूच हलताहेत... पाय आपले नाहीतच, कुणीतरी नदीत सोडून दिलेत... आणि त्या गुंगीत व्याही बोलले हो! जड आवाजात, सावकाश, ‘तुम्ही... फार... भला माणूस.’ माझे डोळे भरून आले! मग म्हणाले, आपण दोघं होडी घेऊ. मी म्हटलं, घेऊच! चेहरा लालबुंद, कपाळ कोरडं ठणठणीत, मला दादा दादा म्हणताहेत... मला वाटलं, प्रेमाचं भरतं आलंय. मीही ओ देत राहिलो.

तेवढ्यात लेक आली. तिने एक नजर टाकली, बंडी उतरवली, त्यांना आतल्या फरशीवर निजवलं आणि बादलीच ओतली अंगावर. मला म्हणाली, ‘बाबा, त्यांना भ्रम झालाय. माणूस हातचा जात होता.’

तुम्हाला सांगतो, तसंच त्यांना उचलून गाडीत घातलं आणि दवाखान्यात निघालो. गाडीत ती समजावत होती, की तुमच्या अंगाला उन्हाची सवय म्हणून तुम्ही नुसते गुंगलात, त्यांच्या अंगाला नाही. तिकडे घर माणसाला वाचवतं, इकडे घरच भाजून काढतं. हे काय ऊन आहे, म्हणायची सोयच उरली नाही!

दुसऱ्या दिवशी व्याही शुद्धीवर आले. मी लाडात येऊन त्यांचा हात धरला, म्हटलं, होडी कधी घ्यायची? त्यांनी हात सोडवून घेतला आणि भिंतीकडे तोंड करून निजले. डॉक्टर खूश, म्हणाले, आता अगदी ठणठणीत!

जीव वाचला, आनंदच आहे हो... पण ताप उतरला, तशी माझ्यावरची मायाही उतरली.