तिरप्या अक्षरांचे खिळे

मी, ओर्नेला बेर्चेल्ली, वय ६३, धंदा छापखाना, राहणार ओल्त्रेतोर्रेन्ते, पार्मा. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

वरील पत्त्यावर माझा वडिलांच्या वेळेपासूनचा, हाताने शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्याचा छापखाना आहे. लग्नपत्रिका व मृतांच्या स्मरणाची कार्डे छापते. त्यांवरची नावे मोठ्या तिरप्या टाइपात जुळवते. या अक्षरांचा दांडा जाड व जोडरेघ केसासारखी बारीक असते. ती रेघ तुटली की अक्षर गेले. हे टाइप ओतणारा कारखाना बंद पडला आहे. साचेही उरलेले नाहीत.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मी इस्पितळात असताना कोणीतरी मागचे दार फोडून दाराजवळचे खण रिकामे केले. त्यांत सगळे तिरपे टाइप होते. घरी आल्यावर मी तक्रार दिली. त्यानंतर छापखान्यात पाऊल टाकले नाही.

आज सकाळी लुआन प्रेका यांचा फोन आला. ते मूळचे आल्बेनियाचे, शहराबाहेर भंगाराचे दुकान चालवतात. ते म्हणाले, "बाई, तुमची अक्षरं माझ्याकडे आहेत. दोघं जण शिसं म्हणून पोत्यांतून टाकून गेले. लवकर या. आणि खोकी आणा, पिशव्या नकोत."

मी भाचीसोबत गेले. लुआन यांनी जमिनीवर घोंगड्या पसरून एकेक खिळा सुटा मांडून ठेवला होता. काही मोडले होते, बहुतेक शाबूत होते. मी विचारले, "माझेच आहेत हे कसं ओळखलंस?"

ते म्हणाले, "पोत्यात हात घातला तर द्रिताच्या नावाचं पहिलं अक्षरच हाताला आलं. उलटं होतं, तरी ओळखलं. तिचं कार्ड रोज बघतो, बाई. भट्टीत कसं घालू?"

द्रिता ही त्यांची मयत पत्नी. तिचे कार्ड मी छापले होते.

आम्ही खोकी भरत असताना गस्तीची गाडी आली व चोरीचा माल सापडला म्हणून लुआन यांना ठाण्यात आणले. मीही मागोमाग आले. अंमलदार फेरेत्ती यांना म्हटले, "सापडला कसला? त्यानंच मला बोलावलं! हा बघा फोन." बाकावरून लुआन म्हणाले, "बाई, आधी बसा. गुडघ्याचं काय ते बघा, माझं होईल."

फेरेत्ती यांनी फोन तपासला. लुआन यांनी त्या दोघांच्या गाडीचा क्रमांकही दिला. त्यानंतर लुआन यांना घरी जाण्यास सांगितले, हे मी पाहिले. माझी त्यांच्याविरुद्ध काही तक्रार नाही.

त्यांचे आभार लिहा, असे मी म्हटले. फेरेत्ती म्हणाले, "जबाबात आभार नसतात, बाई."

"मग सही पण नसते."

त्यावरून लिहिले की, मी लुआन प्रेका यांची आभारी आहे.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. शेवटचे वाक्य मी पुन्हा वाचायला लावले. सांगितले तसेच लिहिले आहे.

सही
ओर्नेला बेर्चेल्ली