चुन्याच्या खिंडीतली बिनखोटीची घोडी

ऐका रं. शेकोटीजवळ सरका, पण हुंकार द्या. नुसत्या माना डोलावू नका, मला अंधारात दिसत नाहीत.

धुळा नावाचा धनगर होता. घोड्यांच्या बाजारातनं रिकाम्या हातानं निघाला, तेव्हा दिवस बुडून गेला होता. वाट कुठली धरली? चुन्याच्या खिंडीची. का? तर जवळची!

घाई होती हो त्याला. मेंढ्यांचा वाडा, म्हणजे धनगरांचा सगळा तांडा, पहाटे कोकणात उतरायचा होता आणि त्याचं जुनं घोडं मेलेलं. भांडीकुंडी बाकीच्यांनी वाटून घेतली असती. पण त्याची आई, म्हाळाक्का, तिचे गुडघे धरलेले. तिला कोण उचलणार? ती म्हणाली होती, "घोडं मिळालं तर येते. न्हाईतर मला हितंच सोडा." आणि म्हातारी बोलली की बोलली.

कनवटीला साठ रुपये. त्या काळचे हां! तरी धड घोडं त्यात येत नव्हतं. बेतातली अशी एकच घोडी होती, उस्मानमामूची. पाठ खोलगट, मागचे गुडघे घासणारे, पुढचा उजवा खूर आत वळलेला. मामू सत्तर म्हणाला. आता धुळ्याला बापानं शिकवलं होतं, छाती रुंद बघ, नडगी जाड बघ, तेवढं असलं की बाकीचं चालवून घे. या घोडीला दोन्ही होतं. धुळ्यानं पाहिलंही. पण चांगलं बोलून दाखवलं तर भाव उतरतो का? म्हणून नावं ठेवत सुटला. पाठ असली, पाय तसले, शेपूट कसलं. शेवटी मामूनं दावं ओढलं. "बास! माझ्या घोडीला इतकं कुनी बोललं न्हाई. जावा!"

गेला.

खिंडीत चांदणं पडलेलं. ऐकताय ना? आणि खडकाला टेकून एक हेडी उभा. हेडी म्हणजे जनावरांचे सौदे करणारा. डोक्याला पटका, हातात दावं, दाव्याला घोडी.

"पावणं, घोडी बघता?"

"रातच्याला?"

"चांदणं हाय की."

धुळ्यानं घोडीभोवती चक्कर मारली. छाती रुंद, नडगी जाड. मनात हरखला. तोंडानं म्हणाला, "पाठ लईच खोल हाय."

"असं म्हंता?" हेडी घोडीला खडकामागं घेऊन गेला. परत आणली. पाठ सरळ! अगदी पाटासारखी. तेवढ्यात धुळ्याच्या पाठीत कळ आली आणि तो वाकला. दिवसभर उभा राहून आली असेल, त्याला वाटलं. तुम्हालाही तसंच वाटलं असतं.

"मागलं गुडघं घासत्यात," धुळा म्हणाला. सवय हो, सवय!

घोडी खडकामागं गेली. आली. गुडघे मोकळे! आणि धुळा एक पाऊल पुढं टाकतो, तर त्याचेच गुडघे एकमेकांवर आपटले. ठक्! आता तरी ओळखावं की नाही माणसानं? नाही ओळखलं.

"उजवा खूर आत वळलाय."

गेली. आली. खूर सरळ.

"आता द्या हात," हेडी म्हणाला आणि धुळ्याच्या घोंगडीखाली त्यानं हात घातला. बाजारात भाव असाच ठरतो, कापडाखाली बोटं दाबून, तिसऱ्याला कळू नये म्हणून. खिंडीत तिसरं होतं कोण? पण रीत म्हणजे रीत. हेडीचा हात गारठून गेलेला. सहा वेळा दाबला. म्हणजे साठ. नेमके साठ! कनवटीला किती आहेत हे धुळ्यानं सांगितलं होतं कुणाला? कुणालाच नाही. त्यानं दचकून मान खाली घातली, आणि चांदण्यात त्याला स्वतःचा उजवा पाय दिसला. पंजा आत वळलेला.

घोडीच्या खोटी कुठं गेल्या, ते त्याला तेव्हा कळलं.

"डोळा बघा की," हेडी म्हणाला. "डावा." डाव्या डोळ्यात पांढरं फूल पडलेलं. "बोला. कसा हाय?"

घोंगडीखाली पकड घट्ट झाली. धुळ्याच्या डाव्या डोळ्याला धार लागली. भ्याला. फार भ्याला. आईचं तोंड आता दिसत नाही, एवढंच त्याच्या मनात आलं.

"डोळा," तो म्हणाला, "डोळा झ्याक हाय."

पकड सैल झाली.

धुळ्यानं हात ओढला, घोंगडी तिथंच टाकली आणि बाजाराकडं पळाला. पळाला कसला, गुडघे आपटत फरफटला! मागनं आवाज, अगदी कानाशी. "पावणं, कान बघा! शेपूट बघा! चाल तरी बघा!" धुळ्यानं बाहीचा बोळा तोंडात कोंबला. ओढा ओलांडला, तेव्हा कुठं आवाज थांबला.

पहाटे मामू उठला, तर हा त्याच्या तंबूपुढं बसलेला. साठ रुपये पुढं केले. नाव एकही ठेवलं नाही. मामूनं त्याच्या पाठीकडं बघितलं, पायांकडं बघितलं, आणि दावं हातात दिलं.

लांबच्या वाटेनं पोचला तेव्हा दुपार झालेली. वाडा निघून गेला होता. चुलीच्या तीन दगडांपाशी म्हाळाक्का गाठोडं घेऊन एकटीच बसलेली. त्यानं तिला उचलून घोडीवर बसवलं.

"पाळण्यात बसल्यागत वाटतंय," म्हातारी म्हणाली. "पाठ खोल हाय ना, पडायचं भ्या न्हाई." थोडं पुढं गेल्यावर वरनं खाली बघत म्हणाली, "तुझ्या पाठीला रं काय झालं? नीट चाल की."

ती पाठ मरेपर्यंत तशीच राहिली.

म्हणून सांगतो, चुन्याच्या खिंडीनं जाऊ नका. तासभर जास्त लागू दे, लांबनं जा. ती घोडी अजून तिथंच आहे म्हणतात. तिची एकच खोट उरलीय, डाव्या डोळ्याची. तेवढी कुणीतरी बोलून दाखवावी, म्हणून तो हेडी थांबलाय.