लाँड्रीतली नवी पुढारीण

डोळ्यांत औषध घालून, पापण्या मिटून दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या शिंपीणबाईंना आता फक्त कानच उरले होते. शेजारी बसलेल्या, हॉटेलच्या लाँड्रीत काम करणाऱ्या नणंद-भावजयीचं बोलणं चाललं होतं.

“वहिनी, काल सभेतून मधेच का उठून गेलात?”

“युनियनच्या मंचावर ती परवा आलेली परदेशी पोरगी, आणि खाली मी! घोषणा देता देता केस पिकले गं माझे.”

“तिच्यासारख्या काळ्या, परक्या बायकांनाही वाटायला हवं ना, युनियन आपली आहे म्हणून.”

“कामगाराला रंग नसतो, पोट असतं. इस्त्रीनं भाजलं की फोड सगळ्यांना सारखाच येतो.”

“फोड सारखाच, वहिनी. पण मुकादम वाफेच्या इस्त्रीवर रोज उभं कुणाला करतो? तिलाच. आपण पंख्याखाली घड्या घालतो.”

“म्हणजे मी आता मालकाच्या बाजूची झाले?”

“तुम्ही जळताय, एवढंच.”

“जळतेच! पेरलं मी, पाणी घातलं मी, आणि कणीस खुडायला ही! असं बोलली तरी काय?”

“पहिलंच वाक्य म्हणाली, ‘मला मूठ वळायला जिनं शिकवलं, ती माझी थोरली बहीण तिथं बसलीय.’ आणि तुमच्या खुर्चीकडे बोट केलं.”

“मग?”

“सगळी सभा वळली. खुर्ची रिकामी.”

“अगंबाई!”

“टाळ्या मात्र कडकडून पडल्या.”

शिंपीणबाई मिटल्या डोळ्यांनीच थोड्या त्या बाजूला सरकल्या.

“खरं सांग हं,” भावजयीचा आवाज अगदी खाली आला, “त्या टाळ्या तिला पडल्या, की मला?”