गळ्यातली शिट्टी

(पलंगावर धाकटा भाऊ, घड्याळं दुरुस्त करणारा, आता जीभ जड झालेली. उशाशी थोरला, शाळेतून थेट आलेला व्यायामाचा मास्तर. घरी येणारी फिजिओथेरपिस्ट धाकट्याचा हात उचलून पाहते आहे.)

फिजिओथेरपिस्ट : मागच्या खेपेला हा हात खांद्याच्या वर जात होता. मधे काय केलंत?

धाकटा : काही... नाही.

मास्तर : तुम्ही सांगितलं तेवढंच. मी स्वतः उभा राहून करून घेतो.

फिजिओथेरपिस्ट : तळहाताला घट्टे पडलेत. घड्याळाचं काम तर बंद आहे ना?

धाकटा : काठीचे.

फिजिओथेरपिस्ट : काठी एका हातात धरता. घट्टे दोन्हीकडे आहेत. आणि गुडघा कशाने सोलवटला?

धाकटा : पडलो. माझीच... चूक.

मास्तर : पुरे. किती झाकशील? डंबेल्स, मॅडम. सकाळ-संध्याकाळ. मीच आणले शाळेतून.

फिजिओथेरपिस्ट : मी नको म्हटलं होतं.

मास्तर : म्हटलं होतंत. मला वाटलं, बाईमाणूस, मन हळवं असेल. अहो, उभा जन्म पोरांचा घाम काढण्यात गेला माझा. हात वापरावा तसा भरतो, हेच शिकवत आलो. आणि हा लहानपणापासून खुर्चीत बसून बारके स्क्रू पिळणारा. म्हटलं, अंग चोरतोय.

फिजिओथेरपिस्ट : हा मोटर न्यूरॉनचा आजार आहे, मास्तर. स्नायूंपर्यंत हुकूम पोचवणाऱ्या पेशीच मरत चालल्यात. हुकूम पोचलाच नाही तर हात हलणार कसा? ज्या उरल्यात, त्यांच्यावर गेलेल्यांचंही ओझं पडलंय.

मास्तर : म्हणजे माझ्यामुळे वाढला.

फिजिओथेरपिस्ट : तसं मी म्हणणार नाही. आजार त्याच्या चालीने पुढे जाणारच आहे. पण दमवून ताकद येत नाही, माणूस फक्त पडतो. सांधे आखडू नयेत, श्वास नीट चालावा, एवढंच आपल्या हातात आहे.

मास्तर : पडला तेव्हा मी उचललं नाही त्याला.

धाकटा : दादा, राहू दे.

मास्तर : बोलू दे मला. शिट्टी वाजवली मी, मॅडम. ऊठ म्हटलं. हा फरशीवर पालथा, आणि मी वर उभा राहून आकडे मोजत होतो. "लाज वाटू दे जरा," असंही म्हणालो. शेवटी बायकोने स्वयंपाकघरातून धावत येऊन उचललं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. आणि मला तिच्यासमोर मान वर करवत नाही. याच्यासमोर तर नाहीच.

फिजिओथेरपिस्ट : (धाकट्याकडे वळून) तुम्ही तरी मला सांगायचं होतंत.

धाकटा : दादाला वाटत होतं... मी बरा होईन. घरात तसं वाटणारा... तो एकटाच.

मास्तर : मॅडम, हे सगळं बायकोला शिकवा. माझ्या हातून नको आता.

धाकटा : वहिनी नको. दादाच.

फिजिओथेरपिस्ट : ऐकलंत? या असे इकडे. एक हात कोपराखाली, दुसरा मनगटाला. त्यांनी काही करायचं नाही, सगळं वजन तुमच्यावर येऊ दे. हळूहळू वर. मोजू नका.

मास्तर : सवय आहे हो.

फिजिओथेरपिस्ट : मोजण्याऐवजी त्यांच्या चेहऱ्याकडे बघा. कपाळाला आठी पडली की थांबायचं.

मास्तर : किती हलका झालाय हात याचा. मला ठाऊकच नव्हतं... थांबू का रे? आठी पडली तुझ्या कपाळाला. हात दुखतोय?

धाकटा : हात... नाही.

मास्तर : मग?

धाकटा : तुझी शिट्टी. वाकलास की... छातीला टोचते.

मास्तर : काढतो. आधी तुझा हात नीट खाली ठेवू दे.